तांबी बसवणाऱ्या डॉक्टरांना एका आशाताईचं खुलं पत्र

विदर्भातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आणि डॉक्टर साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तेरा वर्षांपासून आशाताई म्हणून काम करते. गाव हजार-बाराशे वस्तीचं, सगळं कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणारं. गरोदर बायांची नोंद, लेकरांची लस, लोहाच्या गोळ्या, सिकलसेलची तपासणी, पाळणा लांबवायची साधनं, हे माझं रोजचं काम. गेल्या वर्षी जून महिन्यात मी स्वतः हार्मोनची तांबी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायचं साधन, बसवून घेतली. त्यानंतरचे सहा महिने माझ्या अंगावरून जे गेलं आणि त्याबद्दल मला आधी जे कोणी सांगितलं नाही, त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

तांबी बसवल्याचा मला जराही पस्तावा नाही, हे आधीच सांगते. दोन वर्षं माझी पाळी आठ-आठ, नऊ-नऊ दिवस चालायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठी पडायच्या, रात्री दोनदा उठून कपडा बदलावा लागायचा. हिमोग्लोबिन ७.६ वर आलं होतं. पाण्याचा एक गुंड उचलला तरी छाती धडधडायची आणि गृहभेटीला जाताना चौथ्या घरापर्यंत पाय गळून जायचे. आज माझं हिमोग्लोबिन ११.२ आहे. हे त्या तांबीमुळे झालं आणि तिच्यासोबत सहा महिने घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांमुळे.

जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात मी दाखवलं होतं. डॉक्टरांनी आतून तपासलं, सोनोग्राफी केली, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आल्यावर म्हणाले, "पिशवी काढायची गरज नाही. हार्मोनची तांबी बसवू, पाळी कमी होईल." सल्ला शंभर टक्के योग्य होता. जास्त अंगावरून जातं म्हणून गेलेली बाई "पिशवी काढून टाका" एवढंच ऐकून परत आलेली मी कितीदा पाहिली आहे. मला ते ऐकावं लागलं नाही, म्हणून त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. वस्तू आणि बसवणी मिळून साडेसात हजार लागले, म्हणजे एका क्विंटल कापसाचे पैसे. आमच्या यांनी एक शब्द न बोलता काढून दिले.

पण "पाळी कमी होईल" हे अर्धंच वाक्य होतं. उरलेलं अर्धं असं: पहिले तीन ते सहा महिने रक्त अनियमित जातं, डाग पडत राहतात, काही बायांना तर जवळपास रोज. मग ते हळूहळू कमी होत जातं. हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. तो अर्धा मिनिट मला मिळाला नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर टांगलेलं असतं. नोंदी ठेवायची कामाची सवय, म्हणून मी त्यावर खुणा करत गेले. जास्त गेलं तर तारखेभोवती लाल गोल, नुसता डाग दिसला तर टिंब. तांबी बसवली ९ जूनला. जूनच्या उरलेल्या २१ दिवसांत १९ दिवसांवर खुणा आहेत. जुलैत २३. त्यात गोल चारच, बाकी टिंबं. पण टिंब असलं तरी कपडा घ्यावाच लागतो, साडीकडे मागे वळून पाहावंच लागतं. ऑगस्टमध्ये १७, सप्टेंबरात ११, ऑक्टोबरात आठ, नोव्हेंबरात चार, डिसेंबरात दोन. जानेवारीचं पान कोरं आहे. जुनं कॅलेंडर आम्ही चुलीत घालतो, पण ते कॅलेंडर आणि नव्यातलं जानेवारीचं पान मी जपून ठेवलं आहे.

आज या खुणा मी निवांतपणे मोजू शकते. जुलैत तसं नव्हतं. महिनाभर रक्त थांबेना तेव्हा मला वाटलं, तुकडा तपासायला दिला होता त्याचा रिपोर्ट चुकला असेल, आत कॅन्सर असेल. मग वाटलं, तांबी सरकली. मग वाटलं, पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पोती उचलली त्याने काहीतरी फाटलं. दवाखान्यात फोन केला तर फोन घेणारी मुलगी म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत ताई. होतं असं, घाबरू नका." होतं असं म्हणजे काय होतं, किती दिवस होतं, कशाने होतं, हे तिला विचारून उपयोग नव्हता. मेडिकलमधून रक्त थांबवायच्या गोळ्या मी मनानेच आणल्या. तेरा वर्षं मी बायांना सांगते की विचारल्याशिवाय गोळी खाऊ नका, आणि मीच खाल्ली. भीती माणसाला काय करायला लावते ते मला त्या दिवशी कळलं.

जुलैच्या शेवटी एका रात्री लाइट गेली होती. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दवाखान्याची फाइल चाळताना तिच्या हाताला तांबीच्या खोक्यातलं माहितीपत्रक लागलं. पातळ कागद, घडीवर घडी, मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजीत. मोबाइलच्या उजेडात ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती आणि मला मराठीत सांगत होती. मधेच थांबली. म्हणाली, "आई, हे बघ. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव अनियमित होतो, डाग पडतात, असं नेहमी होतं म्हणून लिहिलं आहे." ती ओळ मी तिला तीनदा वाचायला लावली. सहा-सात आठवडे ज्या भीतीत मी झोपत होते, तिचं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्याच कपाटात, माझ्याच फाइलमध्ये पडून होतं.

पुढे आमच्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमनी कागदावर चित्र काढून मला नीट समजावलं. आता मीही बायांना तसंच समजावते. ही तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखं प्लास्टिक. तिच्या उभ्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, माझ्या तांबीत ५२ मिलिग्रॅम होतं. ते सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम एवढंच बाहेर येतं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले वीस. हे हार्मोन मुख्यतः पिशवीतच काम करतं आणि तिचं अस्तर पातळ करत आणतं. पण जुनं जाड अस्तर एका दिवसात जात नाही. मातीच्या भिंतीचे पोपडे जसे आज इथले, उद्या तिथले सुटतात, तसं ते थोडं थोडं सुटत राहतं. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्याही त्या काळात नाजूक होतात आणि पाझरतात. तेच हे डाग. एकदा अस्तर पातळ झालं की गळायला फारसं काही उरतच नाही. म्हणून पुढे रक्त खूप कमी जातं आणि वर्षभराने पाचातल्या एखाद्या बाईची पाळी पूर्णच थांबते. काढली की पाळी पुन्हा सुरू होते.

पाळी थांबण्याबद्दलही आधी बोलायला हवं, कारण गावात त्याची भीती डागांपेक्षा मोठी आहे. पाळी आली नाही की रक्त आत तुंबतं, तेच डोक्यात चढतं, अंग फुगतं, असं आमच्या बाया ठामपणे मानतात. आधी डागांनी घाबरलेली बाई सहा महिन्यांनी पाळी थांबली म्हणून घाबरते आणि तांबी काढून टाकते. म्हणजे जो काळ सोसायचा तो सोसून झाला आणि सुखाचे दिवस आले, नेमकं तेव्हा. रक्त तयारच होत नाही, मग साठणार कुठून, एवढं समजलं तर ती थांबेल.

घोटाळ्याचं मूळ एका शब्दात आहे, असं मला वाटतं. आम्ही दोन्हीला तांबीच म्हणतो. सरकारी केंद्रात मोफत मिळते ती खरोखर तांब्याची. एक १० वर्षांची, कॉपर-टी ३८०ए, आणि एक ५ वर्षांची, कॉपर ३७५. मी गावात सांगते ती हीच, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवायला बाईला सोबत नेलं की मला १५० रुपये मिळतात, हेही लपवत नाही. तांब्याच्या तांबीने पाळी बहुतेक बायांना आधीपेक्षा जास्त जाते, पोटातही जास्त दुखतं, विशेषतः पहिले काही महिने. हार्मोनच्या तांबीत तांबं नसतंच आणि पुढे जाऊन तिचा परिणाम बरोबर उलटा होतो. पण "तांबीने अंगावरून जातं" हे वाक्य गावात एकदा रुजलं की ते दोन्हीला चिकटतं. मी स्वतः आशाताई असून मॅडमनी समजावेपर्यंत मला फरक नीट माहीत नव्हता, कारण आमच्या प्रशिक्षणात हार्मोनची तांबी आलीच नव्हती. मग शेतात राबणाऱ्या बाईला तो माहीत असावा, अशी अपेक्षा कोणी कशी करावी?

आता जे सांगते ते लिहिताना हात जड होतो. माझ्या ओळखीतली एक वहिनी आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तिलाही माझ्यासारखाच त्रास होता, तिलाही हार्मोनची तांबी बसवली होती, माझ्या दोन वर्षं आधी. दहा आठवडे डाग थांबले नाहीत. घरचे म्हणू लागले, पैसे वाया गेले, त्रास उलट वाढला. तिने ती काढून टाकली. पाळी पुन्हा आधीसारखी जोरात सुरू झाली. मग दुसऱ्या गावच्या दुसऱ्या दवाखान्यात पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. तेव्हा ती ३४ वर्षांची होती. आज तिला थंडीतही अंगातून वाफा निघतात, गुडघे आणि कंबर धरते, रात्री झोप लागत नाही. निंदणाला जात होती ती आता घरीच असते. तिला दहाव्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं की अजून दोन-तीन महिने धीर धर, नंतर हे बसतं, तर? मला कोणी सांगितलं असतं तर मीच तिला जाऊन सांगितलं असतं. मी तिच्या घरावरून रोज जात होते.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विनाकारण पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. हार्मोनची तांबी हा पिशवी वाचवायचा सगळ्यांत चांगल्या उपायांपैकी एक आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा हजारपट जाणता. तो उपाय माहितीच्या एका वाक्याअभावी वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

तुम्ही म्हणाल, डाग तर डाग, त्यात एवढं काय? म्हणून आमच्या घरात एका डागाने काय होतं ते सांगते.

विदर्भात महालक्ष्म्या किती मोठ्या असतात हे तुम्हाला सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, अडीच दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. घरची मोठी सून मी. तांबी बसवून तीन महिने होत आले होते आणि आवाहनाच्या सकाळी टिंब पडलं. टिंबच, रुपयाएवढा तपकिरी डाग. सासूबाई वाईट नाहीत, माझ्यावर जीव आहे त्यांचा. त्यांनी हळूच विचारलं, "का वं, अजून आहेच का?" मी हो म्हटलं. मग अडीच दिवस मी सपरीत बसून होते. आतून पुरणाचा वास येत होता, जाऊबाई एकटी घामाघूम होत होती, आणि मी सपरीच्या उंबऱ्यावरून लेकीला कुठला डबा कुठे आहे ते सांगत होते. बाई विटाळशी असते हे मी मानत नाही, शाळेतल्या मुलींनाही तसंच शिकवते. पण मी मानत नाही म्हणून घर बदलत नाही. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणाऱ्या घरात सव्वीस दिवस डाग पडले तर ती बाई सव्वीस दिवस कुठे बसेल, हा विचार तांबी बसवताना व्हायला हवा. गडचिरोलीच्या माडिया गावांमध्ये पाळीत बायांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. तिथल्या बाईला डाग म्हणजे किती रात्री त्या झोपडीत, ते तुम्हीच मोजा.

आणि वावरातलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटतो. पहाटे निघायचं, कमरेला ओटी बांधायची आणि दिवसभर वाकून वेचायचं. मजुरी किलोवर, म्हणजे उठून गेलं की पैसे बुडाले. वावरात संडास नाही, पाणी प्यायलाच जेमतेम. तुरीच्या आडोशाला जाऊन कपडा बदलायचा, तोही बाकी बायांची नजर चुकवून. ओला कपडा थैलीत ठेवून घरी आणायचा, धुऊन परकराखाली वाळत घालायचा. मांड्या सोलून निघतात. मला घरचं वावर आहे, मला चार दिवस थांबता आलं. रोजाने जाणाऱ्या बाईला थांबता येत नाही. तुम्ही तिला आधी सांगितलं असतं तर तिने वेचणी संपवून, संक्रांतीनंतर बसवून घेतली असती. थोडं मागेपुढे करता येण्यासारखं हे काम आहे. पण मागेपुढे करायला आधी कळायला हवं.

बाई तपासणीच्या टेबलावर असते तेव्हा ती काही विचारत नाही. पाय वर, डोळे छताकडे, मनात एकच, लवकर होऊ दे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया जेमतेम ८ टक्के. तेव्हापासून बरंच बदललं. दवाखाने वाढले, सोनोग्राफी तालुक्याला आली. न विचारण्याची सवय मात्र तशीच आहे. म्हणून तिने विचारायची वाट पाहू नका. टेबलावर चढण्याआधी, खुर्चीवर बसलेली असताना, तिच्या डोळ्यांत बघून सांगा. सासू किंवा नवरा सोबत आला असेल आणि तिची हरकत नसेल तर त्यांनाही ऐकू द्या. परवानगी मागायची म्हणून नाही. पुढचे सहा महिने घरात जे प्रश्न येतील त्यांची उत्तरं डॉक्टरांच्या तोंडून आलेली असली की तिला घरात भांडावं लागत नाही. हे डाग म्हणजे दर महिन्याची पाळी नाही, औषधाचा परिणाम आहे, असं तुम्ही सासूबाईंना एकदा म्हणालात तर कदाचित ती बाई महालक्ष्म्यांच्या पुरणाला हात लावू शकेल. मी म्हणून उपयोग झाला नाही. तुमचं चालेल.

मराठीत एक पान द्या. छापील नसलं तरी चालेल, झेरॉक्स असू दे. त्यावर ठळक लिहा की ही हार्मोनची तांबी आहे, तांब्याची नाही, कोणत्या तारखेला बसवली आणि कधी बदलायची. सरकारी तांबीसोबत कार्ड मिळतं, तसंच हवं. त्यात लिहा की सहा महिन्यांपर्यंत काय चालेल. आणि काय चालणार नाही तेही लिहा, कारण "होतं असं" म्हणून सगळंच सोडून दिलं तर तेही घातक आहे. मी आता बायांना सांगते ते असं. तासाला एक पॅड पूर्ण भिजतो आणि असं दोन तास चाललं, मोठ्या गाठी पडतात, चक्कर येते, तर त्याच दिवशी गाडी करून निघा. ताप आला, ओटीपोटात जोरात दुखतं, घाण वासाचं पाणी जातं, तर थांबू नका, पहिल्या तीन आठवड्यांत तर मुळीच नाही, कारण संसर्गाचा धोका तेव्हाच जास्त असतो. तांबीचा धागा हाताला लागत नाही किंवा टोचणारं कडक प्लास्टिक लागतं, तर तांबी सरकली असू शकते. विसातल्या एखाद्या बाईची ती आपोआप बाहेर पडते, बहुधा पहिल्या वर्षातच. तपासून घेईपर्यंत दुसरं साधन वापरा. दिवस गेल्यासारखं वाटलं किंवा एका बाजूला सणक येते, तर लगेच लघवीची तपासणी, कारण तांबी असताना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर तो गर्भनळीत असण्याची भीती असते. आणि सगळं शांत झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी अचानक पुन्हा रक्त जाऊ लागलं, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर जातं, तर ते तांबीच्या माथी मारू नका, दाखवा. यातलं काही चुकत असेल तर मला दुरुस्त करा, पण बायांना हे मिळालंच पाहिजे.

चार ते सहा आठवड्यांनी बोलवा आणि तारीख लिहून द्या. "काही वाटलं तर या" असं म्हणू नका. आमच्याकडे काही वाटलं तर बाई येत नाही, काही वाटलं तर ती सहन करते. तारीख असली की एसटीचे पैसे मागता येतात. आणि ती आली की तिची तक्रार ऐका. डागांवर काही दिवसांच्या गोळ्या देता येतात, लोह देता येतं, संसर्ग नाही ना ते बघता येतं. काहीच द्यायचं नसेल तरी कॅलेंडरवर खुणा करायला सांगा. खुणांमुळे मला स्वतःला कळलं की जुलैपेक्षा ऑगस्ट कमी आहे. नुसतं आठवून मला वाटत होतं की वाढतंच आहे.

तरीही एखादी म्हणाली, मला नको, काढा, तर काढून द्या. धीर धरायला सांगा, एकदा, दोनदा, पण रागावू नका आणि परत पाठवू नका. शरीर तिचं आहे. काढायला गेलं तर डॉक्टर ओरडतात, ही गोष्ट एका गावातून पाच गावांत जाते, आणि मग त्या पाच गावांत कोणी बसवायलाच तयार होत नाही. माझ्या रजिस्टरमध्ये मला ते दिसतं.

शेवटचं मागणं पैशाचं आहे. साडेसात हजार मी देऊ शकले. माझ्या गावात सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, दोन पोरी आहेत, एकीचं लग्न झालं आहे. आधीच रक्त कमी, त्यात दर महिन्याला धो-धो जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सिकलसेलच्या बाईला हार्मोनच्या तांबीवर कुठलीच आडकाठी नाही. तांब्याची चालते, पण तिने रक्त जास्त जातं. म्हणजे जिला सगळ्यांत जास्त गरज तिला आमच्या केंद्रात मिळते ती रक्त वाढवणारी, आणि रक्त कमी करणारी बाजारात, एका क्विंटल कापसाच्या भावात. ही तांबी देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ग्रामीण रुग्णालयात ती मोफत मिळावी म्हणून तुम्ही खात्याकडे शब्द टाका. आशाताईने अर्ज केला तर तो फाइलमध्ये जातो. जिल्ह्यातल्या वीस डॉक्टरांनी सही केली तर कोणीतरी वाचेल.

त्या लग्न झालेल्या पोरीला घेऊन मी येत्या सोमवारी दवाखान्यात येते आहे. पैसे तिच्या भावाने जमवले आहेत. तिला मी डागांचं सगळं सांगितलं आहे, घरच्यांनाही सांगितलं आहे, आणि तिची सासू सोबत येणार आहे. तरीही तिच्या समोर, तिच्या सासूसमोर, तुमच्या तोंडून पुन्हा एकदा सांगा. आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने निघू, अकराच्या आत पोहोचतो.

आपली नम्र,
एक आशाताई
यवतमाळ जिल्हा